गादीवर घेतलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे आणि माझे कोणाशीही पटत नाही. आपली गोष्ट सांगायला बसलेल्या जुन्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. त्यांना अडगळीत टाकले तरी त्या आशीर्वाद देतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. दोन वर्षे मी सकाळ-संध्याकाळ शिव्या खाल्ल्या. मला तीन वेळा काठीने बडवले आणि एकदा माझे पोट फाडले. माझा गुन्हा काय, ते आजवर कोणी सांगितलेले नाही. तेव्हा मी रागानेच बोलणार. ज्याला राग ऐकवत नसेल त्याने खुशाल उठून जावे.

माझा जन्म एका गादीवाल्याच्या दुकानात झाला. तो म्हातारा धनुकलीच्या तारेने कापूस पिंजायचा आणि दर दोन मिनिटांनी शिंकायचा. त्याच्या भुवयांवर, मिशीत, कानांत कापूसच कापूस असे. निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाची खोळ शिवून त्याने मला त्यात भरले, काठीने कोपरे सारखे केले आणि वीतभर लांब सुईने टाके घातले. त्याची माया नव्हती, पण हात स्वच्छ होता. मला घ्यायला एक नवे जोडपे आले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "कापसात लबाडी नाही. दाबून बघा हवं तर."

त्या जोडप्यातला नवरा फरशी बसवणारा मिस्त्री होता. सगळे त्याला आदराने मिस्त्री म्हणतात. मी त्याला 'तो' म्हणते, कारण तेवढा हक्क मी कमावला आहे. त्याची बायको एका लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या चादरींना दिवसभर उभे राहून इस्त्री करायची, असे तिचे काम. त्यामुळे कापडाची तिला पारख आहे. पहिल्याच दिवशी तिने माझी खोळ दोन बोटांत धरून पाहिली आणि "बरी आहे" म्हणाली. तिच्या तोंडून 'बरी' म्हणजे पुष्कळ झाले.

पहिली सतरा वर्षे माझी चांगली गेली, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या आतल्या खोलीत, लाकडी पलंगावर माझी जागा होती. खिडकीकडची बाजू बायकोची आणि दाराकडची त्याची. तो कामावरून यायचा, जेवायचा आणि बायकोला काहीतरी सांगता सांगता अर्ध्या वाक्यात घोरायला लागायचा. उरलेले वाक्य तिला सकाळी विचारून घ्यावे लागे. त्यांची मुलगी माझ्यावर रांगायला शिकली. तिने माझ्यावर आणखी काय काय केले ते मी सभ्यपणे वगळते. आता ती दुसऱ्या गावी शिकायला आहे. पाहुणे माझ्यावर बसून म्हणत, "वा, काय गादी आहे!" आणि तो असा फुगायचा, जणू कापूस त्यानेच पिंजला होता.

त्याच्या कामाबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. फरशी बसवणारा माणूस दिवसभर एक गुडघा जमिनीला टेकून कमरेतून वाकलेला असतो. सिमेंट-वाळूचा माल पसरायचा, फरशी ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची आणि वर पाणसळ ठेवून पाहायचे. पाणसळ म्हणजे एक लांब पट्टी. तिच्यात काचेची नळी असते आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध राहिला तर जमीन सपाट, एका बाजूला पळाला तर खोट आहे. त्या बुडबुड्यावर त्याचा बायकोपेक्षा जास्त विश्वास. भिंतीवरच्या फोटोंना, स्वयंपाकघरातल्या फळीला, एकदा तर शेजाऱ्यांच्या फ्रिजला त्याने पाणसळ लावली होती. शेजारी अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी त्याची पाठ दुखायला लागली. पाठ म्हणजे कमरेच्या जरा वर, डाव्या अंगाला, तळहात ठेवला तर झाकला जाईल एवढी जागा. ही जागा त्याच्याआधी मला कळली. आधी तो एका झटक्यात कूस बदलायचा. मग आधी खांदा, नंतर कंबर, मग पाय, अशा तीन हप्त्यांत बदलायला लागला. पुढे कूस बदलणेच थांबले. तास-दोन तास डोळा लागायचा, मग तो उठून माझ्या कडेवर बसायचा आणि कपाटाच्या मुठीला धरून उभा राहायचा. रोज तिथेच बसून त्याने माझी ती कड दाबून टाकली. आणि पुढे तीच दबलेली कड त्याने माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवली, हे लक्षात ठेवा.

एका सकाळी त्याचा धाकटा भाऊ नेहमीप्रमाणे त्याला कामावर न्यायला आला. हा धाकटा त्याच्याच हाताखाली काम शिकला आणि त्याच्याच बरोबर काम करतो. चहा पिता पिता त्याने विचारले, "दादा, चेहरा का उतरलाय? बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "गादी बसलीय. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही."

झाले. माझ्यावर आळ आला तो असा, चहाच्या दोन घोटांमध्ये.

त्याने माझेच नाव का घेतले, हे समजायला मला बरेच दिवस लागले. त्याच सुमाराला गावात एक नवे वाचनालय बांधायला घेतले होते. त्याच्या मोठ्या हॉलची फरशी त्याला मिळाली होती. एवढे मोठे काम त्याच्या हाताला पहिल्यांदाच आले होते. कंत्राटदाराने बजावले होते की फरशी त्याने स्वतः बसवायची, दुसऱ्याचा हात चालणार नाही. आता विचार करा. दोष पाठीचा असेल तर त्याला गुडघा टेकून वाकणे सोडावे लागणार, म्हणजे कामच सोडावे लागणार. दोष गादीचा असेल तर काहीच सोडावे लागत नाही. गादी बदलता येते. म्हणून त्याने खटला माझ्यावर चालवला.

माझी बाजू मांडणारी घरात एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्याची बायको.

"मी पण याच गादीवर झोपते," ती म्हणाली. "आठ तास उभी राहून येते. माझी पाठ दुखते का?"

"तुझी बाजू चांगली आहे."

"मग घ्या माझी बाजू."

त्याच रात्री बाजू बदलल्या. आठ दिवस तो खिडकीकडे झोपला आणि ती दाराकडे. त्याचे दुखणे त्याच्याबरोबर खिडकीकडे गेले. दाराकडच्या दबलेल्या कडेवर ती मात्र ढाराढूर झोपली. एवढ्यावर कोणत्याही न्यायाधीशाने मला सोडून दिले असते. पण नवव्या दिवशी तो म्हणाला, "तू ही बाजूसुद्धा बसवून ठेवलीस."

"म्हणजे मी जाड आहे असं म्हणायचंय का?"

पुढचे चार दिवस त्या घरात भांड्यांचाच आवाज तेवढा होता. दोघेही माझ्यावर एकमेकांकडे पाठ करून झोपायचे आणि मधल्या रिकाम्या जागेत माझा कापूस गार पडायचा.

मग एका सुटीच्या सकाळी त्याने ती पाणसळ माझ्यावर, त्या दबलेल्या कडेशी, ठेवली. मित्रांनो, कापसाच्या गादीला कोणी पाणसळ लावते का? जगात दुसऱ्या कोणाला हे सुचले नसते. बुडबुडा अर्थातच डावीकडे पळाला. त्याला इतका आनंद झाला की पाठ विसरून तो ओरडला, "बघ! बघ म्हटलं! दोन सूत उतार आहे!" दोन सूत म्हणजे जेमतेम पाव इंच.

त्याने पलंगाच्या पायांखाली फरशीचे तुकडे सरकवले. इथे एक, तिथे दोन, परत मोजायचे, परत ठोकायचे. दुपारपर्यंत हे चालले. शेवटी बुडबुडा मधोमध आला आणि पलंग डुगडुगायला लागला. त्या सपाट गादीवर तो रात्री झोपला आणि दोन तासांनी उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने तिरके मोजायला घेतले.

"अहो, गादीवर माणसं झोपतात," बायको दारातून म्हणाली. "बुडबुडे झोपत नाहीत."

"तुला यातलं कळत नाही."

"मला चादरीतलं कळतं. चादर नीट बसतीये. खोट कशात आहे ते तुम्हाला माहीत आहे."

त्यावर त्याने मला गुंडाळले, गच्चीवर नेले आणि कठड्यावर टाकून काठीने बडवले. गादी बडवतात ती धूळ काढायला. तो धूळ काढत नव्हता. दहाव्या फटक्याला त्याचीच पाठ धरली आणि तो अर्धा तास कठड्याला टेकून उभा राहिला. मग खाली जाऊन बायकोला म्हणाला, "ऊन फार आहे वर." असे तीनदा झाले. तिन्ही वेळा ऊनच होते.

आता ते फाडण्याचे. माझ्या पोटात कुठेतरी गाठ झाली आहे आणि तीच टोचते, असे त्याने मनाशी ठरवले. फरश्यांचे सांधे खरवडायची सुरी त्याच्या पिशवीत असते. तिने त्याने माझे मधले टाके उसवले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. सतरा वर्षे ज्याला मी पाठ टेकू दिली, त्याने माझी आतडी चिवडली. खोलीभर कापूस उडाला. गाठ सापडली नाही. पण शोधता शोधता त्याच्या चिमटीत एक सरकी आली. कापसाचे एक काळे बी, मुगाच्या दाण्याएवढे, जन्मापासून माझ्या पोटात पडून राहिलेले.

"सापडली!" तो म्हणाला. "हीच टोचत होती."

बायकोने ती सरकी तळहातावर घेऊन पाहिली. "एवढी नाजूक पाठ असेल तर फरश्यांची खोकी कशी उचलता?" असे म्हणून ती हसायला लागली. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसू थांबले. त्याला ते खरेच वाटत होते. ती त्याच्याशेजारी जमिनीवर कापसात बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "अहो, डॉक्टरकडे जाऊ या ना."

"डॉक्टर काय सांगणार? वाकू नका म्हणेल. उचलू नका म्हणेल. मग मी काय करू?"

"मग काय, माणूस राहील ना धड."

"कामाशिवाय कसला माणूस?" तो म्हणाला आणि सरकी खिडकीबाहेर फेकून दिली.

दुसऱ्या आठवड्यात फोमची नवी गादी आली आणि मला, फाटलेल्या पोटासकट, जिन्याच्या वळणावर उभे केले. तिथे मांजरांनी मला नखे पाजळायला वापरले. येणारे-जाणारे मला कोपर मारून पुढे जायचे. नवीन बाई अंगाने फार मऊ. तो तिच्यात इतका रुतायचा की उठताना बायकोला हात द्यावा लागे. तरी बाहेर तो सांगायचा, "एकदम फरक पडला. आता झकास झोप लागते." दाराच्या फटीतून मला आतला दिवा दिसायचा. तो किती वेळा लागतो, हे मला दिसत होते.

झोप नसलेल्या माणसाला सगळे जग वैरी वाटते. त्याने आता धाकट्यावर संशय घ्यायला सुरुवात केली. धाकटा संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी यायचा बंद झाला होता, मागे थांबायचा.

"मी निघालो की कंत्राटदाराशी गुलूगुलू बोलत असणार," तो बायकोला म्हणाला. "माझी जागा हवीय त्याला."

"तुम्हीच शिकवलंत ना त्याला?"

"म्हणूनच."

एकदा माझ्यासमोर, त्या जिन्यातच त्यांचे वाजले. धाकटा म्हणाला, "दादा, आज तू उभा राहून सांग, मी बसवतो." त्यावर याने त्याची कॉलर धरली. "मी अजून मेलो नाही. मेलो की ये हातोडी मागायला." धाकट्याने फक्त कॉलर सोडवून घेतली आणि जिना उतरला. उतरताना त्याने बाहीने डोळे पुसले ते मला दिसले, कारण मी तिथेच उभी होते. त्याच्या दादाने पाहिले नाही.

असेच एका दुपारी धाकटा धापा टाकत जिना चढला. त्या दिवशी लाँड्री बंद होती, म्हणून बायको घरी होती.

"वहिनी, दादा उठत नाहीये. वाकला तसाच राहिलाय. चार पायांवर. अर्धा तास झाला, सांधे तपासतोय म्हणून सांगतोय सगळ्यांना."

त्याला आडवे करून आणायला काहीतरी हवे होते. फोमची गादी गुंडाळली जाईना आणि जिन्याच्या वळणात अडकायला लागली. बायकोने माझ्याकडे पाहिले. दोघांनी मला गुंडाळून खांद्यावर घेतले आणि टेम्पोत टाकले. शिव्या खायला मी, बडवायला मी, आणि ओझे वाहायलाही मीच.

हॉलमध्ये त्याला माझ्यावर सरकवले तेव्हा तो घामाने निथळत होता. टेम्पोच्या मागच्या भागात तो पालथा माझ्यावर, एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा. टेम्पो चालू झाला आणि पहिल्या खड्ड्यालाच त्याने तोंड उघडले.

"सांगितलंस ना कंत्राटदाराला? माझी पाठ गेली म्हणून? मिळाली तुला जागा. हो सुखी."

इतके दिवस गप्प राहिलेला धाकटा तेव्हा बोलला. तो ओरडला नाही, पण आवाज त्याच्या ताब्यात नव्हता.

"दादा, गादीला पाणसळ लावतोस. त्या हॉलच्या फरशीला शेवटची कधी लावलीस?"

टेम्पो आणखी एका खड्ड्यात आदळला, पण धाकटा थांबला नाही.

"खिडकीकडच्या सगळ्या रांगा उतरल्यात. तुला झोप नाही, तुला दिसत नाही. तू बुडबुड्याकडे बघतोस आणि पुढे सरकतोस. मी मागे थांबतो ते कंत्राटदारासाठी थांबतो का? माल ओला असेपर्यंत तुझ्या फरश्या उचलतो आणि परत बसवतो. काल सात. परवा अकरा. दोन महिने झाले. कोणाला कळू दिलं नाही मी. तुला पण नाही."

बायकोने तोंडावर पदर धरला. त्याने तोंड माझ्यात खुपसले आणि तो रडायला लागला. माझी खोळ भिजली. मित्रांनो, तुम्हाला वाटेल की मला तेव्हा त्याची दया आली असेल. नाही आली. खरे सांगते, मला फार बरे वाटले. पण त्याच्या प्रत्येक हुंदक्याला त्याची पाठ कळ मारत होती. तीही मला लागत होती, कारण तो माझ्यावरच होता. त्यामुळे माझा आनंद काही पुरता झाला नाही.

मग डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई घरी यायला लागल्या. त्यांचे हात गार आणि बोलणे त्याहून गार. त्यांनी फोमची गादी तळहाताने दाबली आणि नाक मुरडले. टेम्पोतून आल्यापासून मी भिंतीशी गुंडाळून पडले होते. त्यांनी मला उलगडले, दाबले आणि विचारले, "ही चांगली आहे की. ही का बाहेर?"

"ती खराब झालीय," तो म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"यांचा बुडबुडा," बायकोने सांगितले.

दोन वर्षांत मला कोणी चांगले म्हटले ते या परक्या बाईने. बायकोने त्याच दुपारी पोते शिवायची सुई आणली आणि माझे पोट शिवले. प्रत्येक टाक्याबरोबर ती काहीतरी पुटपुटत होती. त्यातले अर्धे त्याच्यासाठी होते आणि अर्धे माझ्यासाठी. टाके वाकडेतिकडे आले. त्यांना खाज सुटते. तरीही मी पुन्हा पलंगावर आले आणि पायांखालचे फरशीचे तुकडे गेले.

बाईंनी त्याला शिकवले की कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. उताणे झोपायचे तर ती गुडघ्यांखाली घ्यायची. उठताना झटका द्यायचा नाही, आधी कुशीवर व्हायचे, पाय खाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचे. दिवसभर पडून राहायचे नाही, चालायचे. रात्री दुखले तर घड्याळ बघत पडायचे नाही, उठून चार पावले टाकायची आणि परत यायचे. "दुखणं पूर्ण जाईलच असं मी सांगत नाही," त्या म्हणाल्या. "कमी होईल. बाकीचं सांभाळून घ्यावं लागेल."

मुदत जवळ आली म्हणून कंत्राटदाराने अट सोडली आणि वाचनालयाचा हॉल धाकट्याने पुरा केला. इकडे घरी हा रोज सकाळी माझ्यावर पाय पोटाशी घेऊन व्यायाम करायचा आणि दर मोजणीला एक शिवी द्यायचा. पाठ जरा हलकी झाली. झोप मात्र तीन तासांच्या पुढे जाईना. मला कारण माहीत होते. बाहेर तो अजून खोटेच सांगत होता. कोणी विचारले की "सर्दी झालीय," म्हणायचा. सहा आठवडे सर्दी! मग रात्री पडल्या पडल्या छताकडे बघायचा आणि त्याचे अंग फळीसारखे ताठ व्हायचे. पुढच्या कामाला काय सांगायचे, हेच त्याच्या डोक्यात असणार.

ते पुढचे काम एका रविवारी संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी आले. एक कापड दुकानदार होता, त्याने तीन मजली घर बांधले होते. हा दुकानदार माझ्या कडेवर बसला, त्याच दबलेल्या कडेवर, आणि म्हणाला, "मिस्त्री, तिन्ही मजले तुमच्याच हातचे हवेत. तुमच्या भावाच्या नको. वाचनालयाची फरशी बघून आलो. असा हात दुसऱ्या कोणाचा नाही."

धाकटा दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली. बायको चहाचा ट्रे घेऊन आली ती मधेच थांबली. तो माझ्यावर उशीला टेकून बसला होता. त्याची पाठ ताठ झाली, डावीकडची ती जागा दगड झाली. आता हा म्हणेल, थोडी सर्दी आहे, बरी झाली की येतो. मी पैजेवर सांगितले असते.

"वाचनालयात तुम्हाला खिडकीकडची फरशी आवडली की दाराकडची?" त्याने विचारले.

"खिडकीकडची. आरसा आहे नुसता."

"ती याने बसवलीय," तो म्हणाला आणि धाकट्याकडे बोट दाखवले. "माझी उखडून. माझी चुकली होती. माझी पाठ गेलीय, शेठ. मला वाकता येत नाही, रात्री झोप येत नाही. पुढे कधी वाकता येईल असं वाटत नाही. तुमचं काम हा करेल, मी उभा राहून बघेन. चालत असेल तर सांगा."

दुकानदाराने चहा संपवला. मग कप खाली ठेवून, "बघतो, कळवतो," म्हणाला आणि गेला. त्याने कळवले नाही, हे तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. ते काम दुसऱ्याच कोणाला गेले.

"दादा, तीन मजले घालवलेस," धाकटा म्हणाला.

"घालवले," तो म्हणाला. "बस. चहा घे." आणि त्याने सरकून धाकट्याला माझ्यावर जागा करून दिली. दोघे भाऊ बराच वेळ बसले.

त्या रात्री तो कुशीवर झाला, गुडघ्यांत उशी घेतली आणि बायकोला सांगू लागला, "उद्या त्याला म्हणतो, हातोडी तुझ्याकडेच..." आणि वाक्य अर्ध्यात राहिले. मला वाटले, आता उठेल. तास झाला, दोन झाले, तीन झाले. डावीकडची जागा ताठ व्हायची ती झालीच नाही. पहाटे बायकोला जाग आली ती कसल्याही आवाजाने नाही, आवाज नव्हता म्हणून. कण्हणे नाही, कपाटाची मूठ नाही, दिवा नाही. ती घाबरून उठून बसली. तिने हळूच हात पुढे केला आणि त्याच्या नाकाशी बोट धरले.

"जिवंत आहे," तो डोळे न उघडता म्हणाला. "झोपू दे."

ती पुन्हा आडवी झाली, पण झोपली नाही. उजाडेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदाच वाटले की माझा कापूस आणखी थोडा मऊ असता तर बरे झाले असते. तेवढ्यापुरतेच वाटले.

मित्रांनो, मी त्याला माफ केलेले नाही. त्याने माझी माफी मागितली नाही आणि तो मागणारही नाही. गादीची कोण माफी मागते? गादीची काळजी घ्या असेही मी तुम्हाला सांगत नाही, ते तुम्हाला शाळेत सांगतीलच. माझे सांगणे एवढेच आहे की जे दुखते त्याचेच नाव घ्या. ज्याला सांगायला हवे त्याच्या तोंडावर सांगा. दुसऱ्याचे नाव घेतल्याने दुखणे कमी होत नाही, दुखणारे तेवढे वाढतात. माझ्या पोटावरचे टाके आजही ओढतात. थंडीत तर फारच. बघा, मी सांगितले. एवढेच तर असते ते.